पिल्लांतील कोंबडा व तलंग ओळखणे

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पैसा वर्षातून एकदाच घरात येतो. मधल्या दिवसांत मीठमिरची व मुलांची पुस्तके ह्यांची तोंडमिळवणी पुष्कळ घरी अंगणातील कोंबड्यांवर होते. म्हणून आठवडी बाजारास नेलेले पिलू नर की मादी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तलंग कोंबडा समजून विकली, तर अंडीही गेली व पुढची पिल्लेही गेली. प्रस्तुत लेखकाच्या हातून ही चूक घडली आहे. तुरा जरासा लाल दिसला म्हणून पक्षी विकला, आणि महिन्याभरात घेणाऱ्याने मोठ्या आनंदाने त्याची अंडी आणून दाखविली!

अंड्याच्या आकारावरून नरमादी समजते, असे कित्येक मानतात. समजूत फार जुनी आहे. लांबट, टोकदार अंड्यांतून माद्या निघतात, असे ग्रीक पंडित अ‍ॅरिस्टॉटल ह्यानेही लिहून ठेविले. परंतु नर की मादी हे कवच चढण्यापूर्वीच कोंबडीच्या बीजात ठरलेले असते. एकविसाव्या दिवशी बाहेर आलेले गावठी पिलूही वरून पाहणाऱ्यास काही सांगत नाही. एका दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार उघडून पाहण्याची रीत जपानी तज्ज्ञांनी गेल्या शतकात बसविली खरी. पण ते शिकलेल्या हातांचे काम आहे. आपण दाबावयास जावे तर पिलू मरावयाचे.

दीड-दोन महिन्यांनी नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो. मात्र ताडून पाहणे ते एकाच वेळी निघालेल्या भावंडांत पाहावे. असील जातीत तुरा मुळातच लहान, व कडकनाथाचा काळसर. तेथे ही खूण फसवते. भांडखोरपणावर तर मुळीच जाऊ नये, तलंगाही भांडतात.

खरी खूण पिसांची होय. पक्षी तीन-चार महिन्यांचा झाला म्हणजे मानेवरील व शेपटीच्या मुळाजवळील पिसे बोटांनी उलगडून पाहावीत. कोंबड्याची पिसे लांब, निमुळती व चकाकणारी असतात. तलंगेची टोकाशी गोल. पुढे कोंबड्याच्या शेपटीस विळ्यासारखी वाकलेली पिसे येतात.

आरवणे ही बहुधा कोंबड्याचीच खूण. तरी क्वचित म्हातारी कोंबडी अंडाशय बिघडल्याने आरवू लागते. तो अपशकुन नव्हे, आजार आहे.

संशय उरल्यास पायात सुताचा दोरा सैलसर बांधून पक्षी पुढच्या दोन बाजारांपर्यंत घरीच ठेवावा.