जलप्रलयाचे गोंदण

सन 2005 च्या 29 ऑगस्टला कतरिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लीन्स नगराचे पूररोधक बांध ठिकठिकाणी फुटले आणि जवळजवळ चार पंचमांश शहर पाण्याखाली गेले, हे बहुतेक वाचकांस विदित आहेच. परंतु त्या प्रलयातून जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे आपल्या दंडावर वा खांद्यावर त्या नगराचे जुने फ्रेंच चिन्ह, लिलीचे त्रिदल पुष्प, हौसेने नव्हे तर कृतज्ञतेने गोंदवून घेतले, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. शोधपथके घरोघर फिरून दारावर रंगाने मोठी फुली मारीत आणि तिच्या चार कोनांत तपासणीची तारीख, पथकाची खूण, आतील धोके आणि सापडलेल्या माणसांची संख्या नोंदवीत. काहींनी ही सरकारी नोंददेखील जशीच्या तशी अंगावर उतरवून घेतली. त्याच प्रांतात 1724 च्या फ्रेंच फर्मानान्वये पळून गेलेल्या गुलामाच्या खांद्यावर हेच लिलीपुष्प तप्त लोखंडाने डागण्याची शिक्षा होती, हे ज्यास ठाऊक आहे त्याला त्या फुलाच्या या नव्या वापराचे मर्म अधिक कळेल.

आपल्याकडे कपाळावर आणि हातावर गोंदून घेण्याची चाल इतकी जुनी आहे की, परदेशी असलेल्या मुलाने किंवा भाचीने असे काही करावयाचे ठरविले तर घरच्या वडीलधाऱ्यांनी फार दचकण्याचे कारण नाही. वैद्य या नात्याने माझी अशा स्मृतिचिन्हास मुळीच हरकत नाही. माझे सांगणे एवढेच, की ते चिन्ह होण्यापूर्वी कित्येक दिवस ती एक जखम असते, आणि जखमेचे नियम तिला लागू आहेत. सुई त्वचेचा वरचा पापुद्रा भेदून एक-दोन मिलिमीटर खोल, म्हणजे खालच्या जिवंत थरात, शाई सोडते. तेथील भक्षक पेशी तिचे कण गिळतात, त्या पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. गोंदण आयुष्यभर टिकते ते मुख्यतः या अखंड देवघेवीमुळे. काही कण जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचतात व त्या काळवंडतात. म्हणून पुढे कर्करोगाच्या तपासणीचा प्रसंग आल्यास आपल्या अंगावर गोंदण आहे हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

पुरातून वाचलेल्या माणसाच्या बाबतीत खरा शत्रू पाणी हाच असतो. कतरिनानंतरच्या आठवड्यांत व्हिब्रिओ जातीच्या जंतूंनी 22 लोक आजारी पडले व त्यांपैकी 5 दगावले. बहुतेकांच्या शरीरात हे जंतू जखमेवाटे शिरले होते. या कुळातील सर्वांत उग्र जंतू, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, उष्ण व मचूळ पाण्यात राहतो. मेक्सिकोच्या आखातात पोहायला गेलेल्या एका 31 वर्षांच्या पुरुषाची हकिकत 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याने पोटरीवर गोंदवून अवघे पाच दिवस झाले होते, यकृत मद्याने आधीच खिळखिळे झालेले होते, आणि याच जंतूच्या संसर्गाने, अतिदक्षता विभागातील उपचारांनंतरही, सुमारे दोन महिन्यांनी तो मरण पावला. मुंबईकरांनी हे परक्या देशाचे म्हणून दुर्लक्षू नये. कतरिनाच्याच वर्षी, 2005 च्या 26 जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ आलेली लेप्टोस्पायरोसिसची साथही तुंबलेल्या पाण्यातून, कातडीवरील चिरांवाटेच, घरांत शिरली. सबब गोंदल्यावर खपली पूर्ण पडून त्वचा सांधेपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, समुद्र, खाडी, तलाव आणि साचलेले पाणी वर्ज्य समजावे. आणि ऐन पावसाळ्यात गोंदण्याचा बेतच करू नये.

गोंदणाऱ्याची खातरजमा करताना संकोच नको. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या टोपणात ओतली पाहिजे, आणि ती पातळ करण्यास नळाचे पाणी वापरता कामा नये. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 2011 साली पाण्याने पातळ केलेल्या करड्या शाईमुळे 19 जणांच्या त्वचेत क्षयजंतूंच्या भावकीतला एक जंतू रुजला होता, म्हणजे सुई स्वच्छ असूनही शाईने घात केला. जत्रेत एकाच सुईने दहा हात गोंदण्याची आपली जुनी रीत यकृतदाह ‘ब’ व ‘क’ यांना आमंत्रण देणारी असल्याने मी तिचा स्पष्ट शब्दांत निषेध करतो. ‘ब’ प्रकारावर लस आहे, तिच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एका महिन्याने व सहा महिन्यांनी घ्यावयाच्या असतात. ‘क’ वर लस नाही. आणखी एक व्यावहारिक बाब: गोंदल्यापासून बारा महिने आपल्या देशात रक्तदान करता येत नाही. ज्याला आपत्तीत परक्याच्या रक्ताने जीवदान मिळाले व ते ऋण फेडावयाचे आहे, त्याने आधी रक्त द्यावे, मग गोंदावे.

प्रलयात झालेल्या व्रणावरच चिन्ह काढण्याचा मोह अनेकांस होतो. तो व्रण पक्व होण्यास वर्षभराची मुदत द्यावी. ज्यांच्या जखमा उंच, जाड वणात परिणत होतात त्यांनी छाती व खांदा टाळावा. तिळावर कधीही गोंदू नये, कारण तिळाचे बदललेले रूप मग दिसत नाही. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात किंवा ज्यांस यकृताचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांची अनुमती घ्यावी. लाल शाईने येणारी खाज वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. पुढे पुसून टाकू म्हणाल, तर लेझरच्या अनेक बैठका लागतात आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे वा काळे डाग राहण्याचा संभव असतो. कायमचे नको म्हणून काळी मेंदी लावणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. तिच्यात मिसळलेल्या केसांच्या रंगाने फोड आलेल्यांची संख्या थोडी नाही.

राहता राहिले मन. संकटाची तारीख अंगावर धारण केल्याने कित्येकांस आपण वाचलो याचा धीर येतो, हे मला मान्य आहे. तथापि ज्याला महिना उलटूनही पावसाचा आवाज ऐकताच धडकी भरते, झोपेत तेच पाणी दिसते आणि त्या जागेचे नाव काढणे नकोसे होते, त्याने प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तीच फुली रोज स्नानाच्या वेळी डोळ्यांपुढे आल्याने अशा माणसाची पीडा वाढूही शकते. घाईने पहिल्या आठवड्यांत निवडलेले चित्र पुढे अंगावर नकोसे होते, हेही ध्यानात असू द्यावे. वर्षश्राद्धापर्यंत थांबलात तरी आठवण कोठे जात नाही.

गोंदलेल्या जागेभोवती लाली पसरू लागली, वेदना दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच जास्त असली, जांभळे फोड उठले किंवा थंडी वाजून ताप भरला, तर हळदीचा लेप देत सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि गोंदण केव्हा केले व त्यानंतर कोणत्या पाण्यात उतरलात हे तेथे न विचारता सांगा.