घरासाठी सौरवीज : निवड करण्यापूर्वी

छतावर सौर यंत्रणा बसविण्याचा विचार मनात आला की पहिला प्रश्न येतो तो अनुदानाचा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये व तिसऱ्यास 18,000 रुपये, असे कमाल 78,000 रुपये अनुदान ठरविण्यात आले. ही रक्कम पूर्ण पदरात पडावी म्हणून गरज नसतानाही तीन किलोवॉटची यंत्रणा घेण्याचा मोह होतो. आमच्या मते निवडीचा प्रारंभ अनुदानापासून नव्हे, तर वीजबिलापासून व्हावयास हवा.

गेल्या बारा महिन्यांची बिले काढून युनिटांची बेरीज करावी. एकाच महिन्याचे बिल फसवे असते. मे महिन्यातला कूलर जानेवारीत माळ्यावर गेलेला असतो. आपल्याकडील सूर्यप्रकाशात एक किलोवॉटची यंत्रणा दिवसाला सरासरी 4, म्हणजे महिन्याला सुमारे 120 युनिट वीज देते; पावसाळ्यात अर्थातच कमी. त्यासाठी सुमारे 100 चौरस फूट सावलीरहित जागा लागते. (शेजारच्या नारळाची वा पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कोठे पडते, हे स्वतः छतावर जाऊन पाहावे.) ज्या घराचा वापर वर्षाला 2,160, म्हणजे महिन्याला सरासरी 180 युनिट आहे, त्यास दीड ते दोन किलोवॉट पुरतात. तेथे तीन किलोवॉट बसविल्यास महिन्याला निम्मी वीज शिल्लक राहील.

या शिलकीचे काय होते, हाच खरा प्रश्न आहे. नेट मीटरिंग पद्धतीत दिवसा वापरून उरलेली वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते व रात्री घेतलेल्या विजेतून ती वजा होते. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचा मोबदला मात्र सामान्यतः आपण बिलात भरतो त्या दरापेक्षा कमी असतो. शिवाय वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने सौर विजेमुळे प्रथम सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे वाचतात. म्हणजेच पहिला किलोवॉट सर्वाधिक बचत करतो, पुढचा त्याहून कमी. स्थिर आकार तर भरावाच लागतो. हे नियम प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो; तेव्हा इंदूरच्या नातेवाइकांचा हिशेब पुण्यात जसाच्या तसा लागू पडेल, असे समजू नये.

अनुदान यंत्रणा कार्यान्वित झाल्यानंतर खात्यात जमा होते. म्हणून आरंभीच्या खर्चाची तजवीज आधी करून ठेवावी. कर्ज घ्यावयाचे असल्यास मासिक हप्ता व अपेक्षित मासिक बचत शेजारी शेजारी मांडून पाहावी. बचत काढताना विक्रेत्याने सांगितलेले नव्हे, तर वरील 120 युनिटांचेच प्रमाण धरावे. आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा : बॅटरीविना जाळ्याशी जोडलेली यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. भारनियमनावरील उपाय म्हणून ती घेणाऱ्याची निराशा होईल.

सदनिकाधारकांचे स्वतःचे छत नसते. गृहनिर्माण संस्थेला उद्‌वाहन, पंप, जिन्यातील दिवे अशा सामायिक वापरासाठी या योजनेत प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. काही राज्यांत जादा दर भरून वितरण कंपनीकडूनच हरित वीज घेता येते. महाराष्ट्रात 2021 मध्ये आयोगाने त्यासाठी प्रति युनिट 66 पैसे अधिक आकार मंजूर केला होता. या पर्यायात बिल घटत नाही, वाढते. ज्यांना आपल्या वापराची वीज स्वच्छ स्रोतातून यावी एवढेच हवे आहे, त्यांच्यासाठी तो आहे.