समुद्रातील प्राणवायू का घटत आहे?

(इयत्ता ६ वी व ७ वीच्या सामान्य विज्ञानास पूरक पाठ)

पाठाचा उद्देश : पाण्यात विरघळलेला प्राणवायू कोठून येतो व कशात खर्च होतो, हे मुलांस कळावे. समुद्रातील प्राणवायू घटण्याची कारणे त्यांस सांगता यावीत. निश्चित कारण व संभाव्य कारण यांतील भेद त्यांच्या ध्यानी यावा.

साहित्य : काचेचे तीन पेले, विहिरीचे ताजे पाणी, उकळून झाकून निवविलेले पाणी, गरम पाणी, शाई, लाकडाची पातळ चकती, जगाचा व भारताचा नकाशा.

प्रस्तावना : उन्हाळ्याच्या अखेरीस गावतळ्याचे पाणी आटते व हिरवेगार होते. अशा तळ्यातील मासे पहाटे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करताना पुष्कळ मुलांनी पाहिलेले असते. ते असे का करतात, हा प्रश्न शिक्षकांनी प्रथम विचारावा. ‘भूक लागली म्हणून’, ‘पाणी तापले म्हणून’ अशी उत्तरे येतील. ती चूक म्हणून टाकून न देता फळ्याच्या एका कडेस लिहून ठेवावी. पाठाच्या शेवटी त्यांचा उपयोग होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पाणी हे प्राणवायू व हायड्रोजन यांचे बनलेले आहे असे मुले शिकलेली असतात; तेव्हा पाण्यात प्राणवायूचा तुटवडा कसा पडेल, अशी शंका हुशार विद्यार्थी काढतो. पाण्याच्या घटकातील प्राणवायू माशास घेता येत नाही. साखर विरघळावी तद्वत हवेतील जो प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो, तेवढाच त्याच्या कल्ल्यांस उपयोगी पडतो. हा साठा फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० घन सेंटिमीटर प्राणवायू असतो. समुद्राच्या कोमट पाण्याच्या एका लिटरात तो अवघा चार ते पाच घन सेंटिमीटर असतो.

प्रयोग पहिला : एका पेल्यात विहिरीचे ताजे पाणी व दुसऱ्यात उकळून निवविलेले पाणी घ्यावे. दोन्ही सुरुवातीस सारखेच गार असावे. पेले उन्हात ठेवावे. काही वेळाने पहिल्या पेल्याच्या आतील बाजूस बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. दुसऱ्यात ते फारसे दिसणार नाहीत, कारण त्यातील हवा उकळताना निघून गेलेली असते. हे बुडबुडे केवळ प्राणवायूचे नसून विरघळलेल्या हवेचे आहेत, हे सांगावे. अनुमान असे की, पाणी तापले म्हणजे त्यात वायू कमी मावतो. गोड्या पाण्यात शून्य अंश सेंटिग्रेडला दर लिटरास सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तीस अंशांस तो जवळजवळ निम्मा, म्हणजे ७.६ मिलिग्रॅम होतो. उकळलेल्या पाण्यात मासा सोडून दाखविण्याचा मोह मात्र टाळावा. जिवास पीडा देऊन विज्ञान शिकविण्याचे कारण नाही.

प्रयोग दुसरा : तिसरा पेला गार पाण्याने अर्धा भरावा, त्यावर चकती तरंगत ठेवावी व तिच्यावर शाई मिसळलेले गरम पाणी हळूहळू ओतावे. रंगीत पाणी वरच राहते व खालच्या पाण्यात लवकर मिसळत नाही. समुद्राचा वरचा थर तापला म्हणजे असेच घडते.

विषयविवेचन : समुद्रातील प्राणवायूचा विचार जमाखर्चाच्या वहीप्रमाणे केल्यास मुलांस तो सुलभ होतो. जमेच्या बाजूस दोन रकमा आहेत. लाटांमुळे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो, ही पहिली. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी समुद्राच्या वरच्या थरातच घडतात. खर्चाच्या बाजूस सर्व प्राण्यांचे श्वसन आहे, आणि मेलेले जीव कुजविणाऱ्या जंतूंचा खर्च तर मोठाच आहे. हा खर्च खोल अंधाऱ्या पाण्यातही अखंड चालू असतो. तेथे नवी जमा होते ती ध्रुवप्रदेशांकडील थंड, प्राणवायुयुक्त पाणी खाली बुडून दूरवर पसरते त्यामुळे. तळ्यातील माशांचे कोडेही येथेच उलगडते : रात्री जमा थांबते, खर्च चालूच राहतो, म्हणून पहाटे तूट सर्वांत अधिक.

आपल्या अरबी समुद्राचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. नकाशात पाहिल्यास त्याची उत्तर बाजू भूमीने बंद झालेली दिसते. त्यामुळे खोल पाण्यास ताज्या पाण्याचा पुरवठा मंदपणे होतो. उलट मोसमी वाऱ्यांनी तळची पोषक द्रव्ये वर येऊन सूक्ष्म वनस्पती विपुल वाढतात, व त्या मरून खाली पडल्या की कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. म्हणून सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यल्प असतो. हा पट्टा निसर्गनिर्मित व प्राचीन आहे. तो मनुष्याने केला असे शिकवू नये.

चिंतेचे कारण वेगळे आहे. पाण्यातील प्राणवायू अचूक मोजण्याची रीत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिली. अशा मापनांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासून जर्मनीतील कील येथील संशोधकांनी २०१७ साली असे दाखविले की, १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातील समुद्रांचा प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला. दोन टक्के ही सरासरी होय. काही ठिकाणी घट पुष्कळच अधिक आहे. जेथे साठा आधीच तुटपुंजा, तेथे थोडी घटही जिवांस भारी पडते.

कारणे : पहिले कारण, समुद्र तापत आहे व तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो (प्रयोग पहिला). दुसरे, वरचा थर तापून हलका झाल्याने खालच्या पाण्यात मिसळत नाही, व खोलवर प्राणवायू पोहोचत नाही (प्रयोग दुसरा). एकूण घटीत या दुसऱ्या प्रकारच्या कारणांचा वाटा अधिक मानतात. शिवाय ऊन पाण्यात माशास श्वसनासाठी प्राणवायू अधिक लागतो. म्हणजे जमा घटते त्याच वेळी गरज वाढते. तिसरे कारण मुख्यतः किनाऱ्यालगत दिसते. शेतातून वाहून आलेली खते व शहरांचे सांडपाणी नद्यांवाटे समुद्रात जाते; त्यावर सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात, मरतात व कुजतात. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ दर उन्हाळ्यात असा निष्प्राण पट्टा तयार होतो. २०१७ साली तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर सुमारे १७,००० चौरस किलोमीटरांचा आहे, हे सांगितल्यास मुलांस त्याच्या विस्ताराची कल्पना येईल.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलचे अल्पप्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे सरकते. तळाशी राहणारे मासे तेथून हटतात व मच्छीमारांच्या जाळ्यांस ते लागत नाहीत. कोचीनजवळील या घटनेविषयी कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने १९५९ सालीच लिहिले होते. पुढे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सय्यद वाजिह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले की, किनाऱ्यालगतच्या तळाच्या पाण्यातील प्राणवायू त्या ऋतूत पार संपतो, व ही स्थिती पूर्वीहून तीव्र झालेली दिसते. जमिनीवरून येणारी खते हे तिचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. परंतु त्याचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिक्षकांनीही ते संभाव्य कारण म्हणूनच सांगावे.

घट अटळ आहे असा निराशेचा सूर पाठात येऊ देऊ नये. काळ्या समुद्राच्या वायव्येकडील उथळ भागात खतांमुळे असेच संकट आले होते. १९८९ नंतर त्या काठच्या देशांत खतांचा वापर एकदम घटला, आणि काही वर्षांतच तेथील तळाशी प्राणवायू पुष्कळ अंशी परतला. कारण दूर झाले की परिणामही ओसरतो, हे मुलांस यावरून पटवून द्यावे.

उपक्रम : मुलांनी नकाशावर आपल्या गावच्या ओढ्यापासून समुद्रापर्यंतचा पाण्याचा मार्ग रंगवावा. गोदावरी व कृष्णा खोऱ्यांतील गावांचे पाणी बंगालच्या उपसागरास, तर तापीचे व कोकणातील नद्यांचे अरबी समुद्रास मिळते. पिकास लागते त्याहून अधिक टाकलेले खत कोठे जाते, याची चर्चा करावी व मुलांनी ती घरी वडीलधाऱ्यांस सांगावी.

प्रश्न : (१) तळ्यातील मासे पहाटेच वर का येतात? फळ्याच्या कडेस लिहिलेल्या उत्तरांपैकी कोणती अंशतः बरोबर ठरली? (२) समुद्राच्या खोल पाण्यास प्राणवायू कसा मिळतो? (३) अरबी समुद्रात प्राणवायूची तूट विशेष का आहे? (४) समुद्र तापल्याने प्राणवायू कोणत्या दोन प्रकारे घटतो? (५) पश्चिम किनाऱ्यावरील तुटीचे कोणते कारण निश्चित व कोणते संभाव्य आहे?