रव्यात गिरवून वाचता येतं का?

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे. ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगतो, पण पुस्तक समोर धरलं की 'सूर्य'पाशीच अडून बसतो. डोळे तपासले, ठीक आहेत. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. आता ज्या विशेष शिक्षिका येतात त्या त्याला ताटातल्या रव्यात अक्षरं गिरवायला लावतात, शब्दांवर टाळ्या वाजवून घेतात. चौथीतल्या मुलाला हे बालवाडीचे खेळ कशाला? आमच्या वेळी चुकलेला शब्द वीस वेळा लिहून घेत.
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तोंडाने तरबेज आणि पुस्तकासमोर गप्प अशा मुलाने पहिल्यांदा बुचकळ्यात टाकलं ते तुम्हाला नव्हे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकिगत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. मुलगा हुशार, नजर चांगली, पण स्वतःचं नावसुद्धा 'प्रेसी' असं लिहायचा. त्याच्या मास्तरांचं मत असं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत पहिला आला असता.

तेव्हा याला 'शब्दांधत्व' म्हणत, म्हणून डोळ्यांवर संशय गेला आणि तो अजून पुरता फिटलेला नाही. 'तारे जमीं पर' हा चित्रपट पाहिल्यापासून तर उलटी अक्षरं म्हणजेच डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता) असं पुष्कळांना वाटतं. पण पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं अधूनमधून अक्षरं उलटी काढतातच. बहुसंख्य मुलांत खरी अडचण असते ती शब्दाचे आवाज सुटे करण्याची. नातवाला विचारून पाहा : 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'पाट' हे उत्तर तुम्हाला विचार न करता येतं. अशा मुलाला 'कपाट' हा एकसंध गोळा ऐकू येतो, त्याचे तुकडे पडत नाहीत. मग कोणत्या तुकड्याला कोणतं अक्षर, हे बसणार कसं? क-पा-ट अशा तीन टाळ्या वाजवायच्या त्या यासाठी. पुढे 'पा'चेही 'प्' आणि 'आ' असे दोन भाग करायचे असतात.

त्यात आपली लिपी. 'जसं बोलतो तसं लिहितो' असं आपण अभिमानाने म्हणतो, आणि इंग्रजीच्या मानाने ते खरंही आहे. पण 'दिवा' लिहून बघा. वेलांटी 'द'च्या आधी काढलेली, उच्चार मात्र नंतर. 'सूर्य'मध्ये उलट प्रकार : 'र' बोलायचा 'य'च्या आधी आणि रफार बसलेला 'य'च्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे अक्षर अक्षर लावत जाणारं मूल इथे फसणारच. शिवाय 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' ही जुळी भावंडं आहेतच. म्हणजे नातू 'सूर्य'पाशी अडतो तो आळसाने नव्हे.

वीस वेळा लिहून काय होतं? तिसऱ्या ओळीनंतर मूल वरची ओळ उतरवू लागतं. हात चालतो, कान बंद असतो. एकदा चुकलं तर उरलेल्या ओळींत चूकच पक्की होते.

आता रवा. ही पद्धत 1930च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून रुजली : अक्षर बघायचं, मोठ्याने म्हणायचं, बोटाने गिरवायचं, सगळं एकाच वेळी. आपल्या धूळपाटीची ती लांबची बहीणच म्हणा. पण खरं सांगायचं तर जादू रव्यात नाही. नुसत्या स्पर्शाचा वेगळा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. उपयोग होतो तो क्रमाचा. आधी साधी अक्षरं, मग काना, मग वेलांट्या, जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी; आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. म्हणून चौथीतल्या मुलालाही मागे जावं लागतं. हे काम महिनोन्महिने चालतं. दिवाळीच्या सुट्टीत उरकेल अशा हिशेबाने बसू नका.

परीक्षेतल्या सवलतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारी नक्की विचारतील. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक अशी मदत मिळू शकते. ही लबाडी नव्हे. इतिहासाच्या पेपरात तपासायचा असतो इतिहास, वाचनाचा वेग नव्हे. मात्र लेखनिक मिळाला म्हणून वाचन येत नाही. सवलत मिळाली की शिकवणी थांबवणारी घरं मी पाहिली आहेत. तो सौदा मुलाला महागात पडतो.

घरी तुम्ही एक करा. त्याला आवडेल असा पाच-सहा ओळींचा उतारा आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उतारा. अडला तर तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका, पुढे चला. रोज पंधरा मिनिटं पुरे. आणि गिरवण्याचा रवा वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी त्याचाच उपमा व्हायचा.