'आलेच' म्हणू नकोस

पोरी, सोमवारी तुझी पहिली रात्रपाळी. तुझ्या आत्याने 34 वर्षं सरकारी वॉर्डात काढली, त्यातलं सगळ्यात आधी हे सांगते: रोग्याला 'आलेच' म्हणू नकोस.

मीही म्हणायचे. साताऱ्याकडचे एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला. 'सिस्टर, भांडं द्या,' म्हणाले. मी 'आलेच' म्हटलं आणि पलीकडच्या पोराची शीर सापडेना, त्यात अर्धा तास गेला. येऊन बघते तर चादर ओली, आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणीच सोडलं, भांडं मागावं लागू नये म्हणून.

तेव्हापासून मी वेळ सांगायला लागले. 'दहा मिनिटांनी येते.' आणि दहा म्हणजे दहाच. भांड्याला मात्र तेवढंही थांबवायचं नाही, मावशीला लगेच पाठवायचं.

सलाईनचं तसंच. 500 मिलीची बाटली चार तासांत द्यायची, तर 20 थेंबांच्या सेटला मिनिटाला साधारण 42 थेंब. हे गणित तू कर, नातेवाइकाला फक्त 'दोनच्या सुमाराला संपेल' एवढं सांग. नाहीतर तो बिचारा रात्रभर बाटलीकडे बघत बसतो, आणि आपण म्हणतो नातेवाईक छळतात.

खाटेशी कुजबुजायचं नाही. नाइटिंगेलबाईंनी 1859 सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्येच हे बजावलंय. रोगी कान ताणून ऐकतो, अर्धवट ऐकतो आणि वाईट तेच धरून चालतो. पाळी बदलताना ओव्हर देशील तेव्हा रोग्यालाही सांग, 'काका, आता रात्रभर या सिस्टर आहेत.' 'सात नंबर' म्हणून हाक मारू नकोस.

नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर साध्या वॉर्डात पाच रोग्यांमागे एक सिस्टर. मी रात्री चाळिसांना एकटी असायचे. हे भांडण लेखी भांड, मेट्रनकडे भांड. खाटेवरच्या माणसावर काढू नकोस.

आणि ते डिस्चार्जच्या वेळचे अभिप्रायाचे कागद! सगळे 'उत्तम'वर खूण करतात. घरी जायची घाई, शिवाय पुन्हा इथेच यावं लागलं तर, ही धास्ती. खरं ऐकायचं असेल तर आदल्या संध्याकाळी स्टूल ओढून बस आणि विचार, 'रात्री काही मागायचं राहून गेलं का?' उत्तर यायला वेळ लागतो. तोवर उठू नकोस.