विजेचा दाखला : सरकार घेते किती आणि आपण विसंबावे किती?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सहवीज प्रकल्पाचा विषय येणार आहे. प्रकल्प अहवालाच्या प्रती गट कार्यालयांत ठेवलेल्या आहेत व पुष्कळांनी त्या चाळलेल्याही दिसतात. परवा एका गट बैठकीत एक वयस्क सभासद अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. ओळ होती ‘आर.ई.सी. पासून अपेक्षित उत्पन्न’. ते म्हणाले, “हे आर.ई.सी. म्हणजे का होय जी? ऊस आमचा, चिपाड आमचं, वीज गेली तारेतून अन् तिचा पैसा आला. मंग हा वरचा पैसा देणार कोण?”

प्रश्न अगदी नेमका होता. बैठकीत त्याचे उत्तर दोन मिनिटांत गुंडाळले गेले, म्हणून हा लेख. विषय थोडा किचकट आहे खरा, परंतु उसाच्या बिलातून टनामागे कपात द्यायची की नाही हे ठरवण्यापूर्वी तो समजून घेतलेला बरा.

आर.ई.सी. म्हणजे नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र. सोयीसाठी आपण त्याला ‘दाखला’ म्हणू. बगॅस, वारा, ऊन, पाणी अशा न संपणाऱ्या साधनांतून १ मेगावॅट-तास, म्हणजे आपल्या भाषेत १००० युनिट वीज तयार झाली की एक दाखला मिळतो. दाखला कागदाचा नसतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राच्या वहीत तो आपल्या नावावर जमा होतो. त्याआधी राज्यात महाऊर्जेकडून प्रकल्पाला मान्यता घ्यावी लागते.

आता असा वेगळा दाखला काढायची गरज काय? आपल्याकडची बाघ नदी वैनगंगेला मिळाली की पुढे घागर बुडवणाऱ्याला यातले बाघेचे पाणी किती, वैनगंगेचे किती हे सांगता येत नाही. तारेतल्या विजेचेही तसेच. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे ५ संच, म्हणजे ३३०० मेगावॅटचा कारभार. तो सगळा कोळशावर. त्याच तारेत उद्या आपल्या बगॅसची वीज गेली तर गोंदियाच्या दुकानातला दिवा कशावर लागला हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून विजेचे दोन माल केले. एक वीज, आणि दुसरा तिचा ‘हिरवेपणा’. धान विकावे एकाला आणि तणीस विकावी दुसऱ्याला, तसेच हे.

या दाखल्यांना केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या जानेवारी २०१० च्या विनियमांनी जन्म दिला. खरेदी-विक्री प्रत्यक्षात २०११ साली वीज बाजारांतून सुरू झाली.

घेणारा कोण, हा खरा प्रश्न. स्वखुशीने घेणारे थोडे. मुख्य गिऱ्हाईक कायद्याने बांधलेले. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ८६ मध्ये अशी तरतूद आहे की, वीज वितरण करणाऱ्याने आपल्या एकूण विजेपैकी काही टक्के वीज नवीकरणीय साधनांतून घेतलीच पाहिजे, व हे टक्के राज्य आयोगाने ठरवावेत. आपल्या राज्य आयोगाने २०१०-११ साली ते ६ टक्के ठेवले व दरवर्षी एकेक वाढवत २०१३-१४ ला ९ टक्क्यांवर नेले. हे बंधन महावितरणवर आहे, मुंबईच्या वीज कंपन्यांवर आहे, आणि स्वतःची वीज करून वापरणाऱ्या किंवा खुल्या बाजारातून वीज आणणाऱ्या मोठ्या कारखानदारांवरही आहे. कारखानदारांनी याविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या. राजस्थानातील हिंदुस्थान झिंकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये बंधन कायम ठेवले.

ज्या राज्यात ना वारा, ना ऊस, त्याने ही टक्केवारी कशी भरायची? त्याने दाखले विकत घ्यायचे. दिल्लीच्या वीज कंपनीने आपल्या कारखान्याचा दाखला घेतला की हिशेबापुरती बगॅसची वीज तिने वापरली असे धरतात. योजना म्हणून वाईट नव्हती. परंतु देशातल्या बहुतेक वितरण कंपन्या राज्य सरकारांच्या मालकीच्या. तेव्हा दाखल्याचे मोठे गिऱ्हाईक कोण, तर सरकारच. आणि सरकारी गिऱ्हाईक कसे असते हे धानाचे चुकारे पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत लेखकाने हे जवळून पाहिले आहे. २०१२ साली मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर विद्युत विभागात नोकरीस होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. २०११ च्या अखेरीस दाखल्याचा भाव ३००० रुपयांच्या आसपास होता. आयोगाने त्या वेळी बिगर-सौर दाखल्याला खाली १५०० आणि वर ३९०० रुपयांची मर्यादा घातलेली होती. आमच्या लोकांनी विचार केला, अगदी पडला तरी १५०० च्या खाली जाणारच नाही, म्हणून अंदाजपत्रकात १५०० धरा. सगळ्यांना हे फार सावधपणाचे वाटले. मलाही वाटले, खोटे का बोलू.

२०१२ च्या पावसाळ्यात भाव १५०० ला टेकला, आणि तिथेच बसला. पुढची काही वर्षे हलला नाही. मर्यादा होती ती भावाला, खपाला नव्हती. १५०० च्या खाली विकायला बंदी आणि १५०० ला घ्यायला कोणी नाही! महिन्याला बाजार भरायचा, आम्ही माल मांडायचो, शंभरातले पाच-सात गेले तर भाग्य म्हणायचे. बाकीचे वहीत पडून. देशभर न विकलेल्या दाखल्यांचा साठा पुढे एक कोटीच्या वर गेला. दाखल्याला मुदतही होती. सुरुवातीला ३६५ दिवस, मग ती ७३० केली, मग १०९५. मुदत वाढवत राहावी लागली यातच काय ते आले. तिकडे बँकेचा हप्ता काही दाखले खपण्याची वाट पाहत नव्हता. तो उसाच्या बिलातून गेला.

असे का झाले? वितरण कंपन्या तोट्यात होत्या. दाखल्यातून वीज मिळत नाही, दिवा लागत नाही. पैसा मात्र जातो. तो पैसा वीज बिलात चढवला तर ग्राहक ओरडतो. म्हणून अनेक कंपन्यांनी टाळले. दंडाची तरतूद होती, परंतु अनेक राज्यांच्या आयोगांनी ‘या वर्षीची तूट पुढल्या वर्षी भरा’ अशी सवलत दिली. पाणीपट्टी दरवर्षी पुढे ढकलली तर वसुलीचे काय होते ते आपण जाणतोच. आयोगांचीही अडचण होती. दंड केला तरी तो शेवटी त्याच वीज ग्राहकाच्या डोक्यावर बसणार. आपणही त्यातलेच, आपल्या मोटारपंपाचे बिल तीच कंपनी काढते. तेव्हा एका खिशातून दाखल्याचा भाव वाढवून मागायचा आणि दुसऱ्या खिशातून विजेचा दर कमी मागायचा, अशी आपली स्थिती आहे हेही प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१७ पासून खालची मर्यादा १००० वर आणली. २०२० मध्ये ती शून्य केली. त्यावर अपील झाले आणि जुलै २०२० पासून बाजारच बंद पडला, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडला. सव्वा वर्षाहून जास्त काळ विक्री नाही! त्यानंतर नवे विनियम आले व ते ५ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. दाखल्याची मुदत काढून टाकली, विकेपर्यंत तो जिवंत राहतो. भावाच्या खालच्या-वरच्या मर्यादा गेल्या. आणि साधनाप्रमाणे गुणक आला : वारा व ऊन यांना १, जलविद्युतला १.५, बगॅससारख्या सहवीजेला २, आणि बायोमासला २.५. गुणक मिळतो तो त्या तारखेनंतर सुरू झालेल्या प्रकल्पांनाच. आपला प्रकल्प झाला तर तो नवाच असेल, म्हणून १००० युनिटला दोन दाखले धरता येतात. अहवालात तसे धरले आहेत व ते बरोबर आहे.

येथे काहीजण विचारतील, बायोमासला अडीच, तर मग धानाचा भुसा का नाही जाळायचा? आपल्या जिल्ह्यात राईस मिला कमी नाहीत. हंगाम संपल्यावर बॉयलर रिकामा ठेवण्यापेक्षा भुसा घालावा हा विचार चांगला आहे, पण भुसा आता पडून राहिलेला माल नाही. वीटभट्टीवाले घेतात, आणि कोळशाच्या केंद्रांनी कोळशात काही टक्के बायोमास मिसळावा असे केंद्राचे धोरण २०२१ पासून आहे. भुशाचा भाव दाखल्याच्या भावापेक्षा लवकर वाढतो. अहवालात हंगामाबाहेरचे दिवस धरलेले असतील तर भुसा कोणत्या भावाने धरला ते अवश्य पाहावे.

आता हिशेब करू. समजा हंगामात ३ लाख टन ऊस गाळला, आणि कारखान्याची स्वतःची गरज भागवून टनामागे ६० युनिट वीज बाहेर विकली. झाली १ कोटी ८० लाख युनिट, म्हणजे एकेरी हिशेबाने १८,००० दाखले. एकेका टनाच्या वाट्याला दाखल्याचे शंभरातले सहा भाग आले. भाव १५०० असता तर टनाला ९० रुपये. शेतकऱ्याला एवढा आकडा गोड लागणारच. परंतु मर्यादा उठल्यावर भाव कुठे गेला? २०२४ च्या मध्यास तो दीडशे रुपयांच्याही आत उतरला होता. दीडशेने टनाला ९ रुपये. दुहेरी गुणकाने १८. त्यातून नोंदणीचा, बाजाराचा व दलालीचा खर्च वजा करा. ऊसतोडीत एक दिवस खाडा पडला तर याहून जास्त नुकसान होते.

भाव एवढा का पडला? एक तर अडकलेला साठा बाहेर आला. दुसरे, सौर वीज स्वस्त झाली, तेव्हा कंपन्या थेट वीजच घेतात. वीजही मिळते आणि टक्केवारीही भरते. दाखला घ्यावाच कशाला? तिसरी गोष्ट तर मजेची आहे. ज्या वितरण कंपनीने बंधनापेक्षा जास्त हिरवी वीज घेतली, तिलाही जादाचे दाखले मिळतात व ते ती विकू शकते. म्हणजे ज्याला आपण गिऱ्हाईक समजत होतो, तोच कधी कधी शेजारी दुकान मांडून बसतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये ऊर्जा संवर्धन अधिनियमाखाली नवी टक्केवारी काढली : २०२४-२५ साठी २९.९१ टक्के, आणि वाढत वाढत २०२९-३० साठी ४३.३३ टक्के. आता हे बंधन वापराचे आहे, न पाळल्यास त्या अधिनियमाप्रमाणे दंड आहे, आणि तूट दाखले घेऊन भरण्याची मुभा आहे. दंड खरोखर वसूल झाला तर दाखल्याला पुन्हा गिऱ्हाईक येईल. माझे मत विचाराल तर, खाजगी कारखानदार दंडाला भिऊन घेतील. सरकारी कंपन्या मार्चअखेर किती घेतील याचा भरवसा मी धरणार नाही. चेअरमन साहेबांशी याबाबत माझा मतभेद आहे व तो मी त्यांच्या संमतीनेच येथे लिहीत आहे. त्यांच्या मते या वेळचा कायदा कडक आहे.

आणखी एक गोष्ट अहवालात नीट सांगितलेली नाही. वीज महावितरणला आयोगाने ठरवलेल्या किंवा निविदेतून मान्य झालेल्या दराने, हिरवी वीज म्हणून दीर्घ मुदतीच्या करारावर विकली, तर त्या विजेचा दाखला मिळत नाही. कारण त्या दरात हिरवेपणाची किंमत आलेली असते व महावितरण ती वीज स्वतःच्या टक्केवारीत धरते. उभे पीक तणसासकट विकल्यावर तणीस मागायला जाता येत नाही! दाखला हवा असेल तर वीज खुल्या बाजारात किंवा एखाद्या कारखानदाराला नुसती वीज म्हणून विकावी लागेल, आणि तिथे दर रोज बदलतो. अहवालाच्या उत्पन्न तक्त्यात विजेचा दर कराराचा धरला आहे आणि खाली दाखल्याचे उत्पन्नही धरले आहे. दोन्ही एकाच युनिटवर मिळणार नाही. ही चूक सल्लागाराच्या लक्षात आणून दिली आहे. दुरुस्त तक्ता सभेपूर्वी मिळेल असे त्यांनी कळवले आहे.

सहवीज प्रकल्प करूच नये असे मी म्हणत नाही. टनामागे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघते, ती जुन्या कमी दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून आपण नुसती वाफ उडवतो, हे मला इतकी वर्षे खुपत आले आहे. परंतु प्रकल्प विजेच्या दरावर उभा राहिला पाहिजे. दाखल्याच्या ओळीत शून्य लिहून हप्ता फिटतो का, हे आधी पाहावे. शून्यावर फिटत असेल तर हात वर करावा. फिटत नसेल तर कपातीचा ठराव त्या सभेत मंजूर करू नये, दुरुस्त अहवाल घेऊन पुन्हा बसावे.

ज्यांना तक्ता वाचायला अडचण वाटते त्यांनी सभेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी सकाळी ११ ते १ या वेळेत आपल्या गट कार्यालयात यावे. येताना मागच्या हंगामाचे उसाचे बिल आणावे, म्हणजे टनामागे कपात किती बसेल ते त्याच कागदावर मांडून दाखवता येईल.