घटक ४ : बालभयकथा आणि तिचे चित्र

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर बालभयकथेत चित्र कोणते कार्य करते, हे आपल्याला उदाहरणांच्या आधारे सांगता येईल. साहित्यशास्त्रात अभ्यासलेली भयानक रसाची संकल्पना छापील चित्राला कितपत लागू पडते, याचाही विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मुलांच्या पुस्तकातील चित्र म्हणजे मजकुराची सोबत करणारी सजावट, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज भयकथेच्या बाबतीत फारसा टिकत नाही. 'चांदोबा' वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला वेताळाने विचारलेले कूटप्रश्न आज आठवतीलच असे नाही. परंतु हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रमराजा त्याच्या डोळ्यांपुढे तत्काळ उभा राहतो. हे चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन 'शंकर' या नावाने सही करीत. कथा विस्मरणात जाते आणि चित्र मागे उरते, हा अनुभव अपवादात्मक नाही. त्याची कारणे शोधण्यासाठी आपण एक अमेरिकन उदाहरण सविस्तर पाहणार आहोत, कारण तेथे चित्राचे महत्त्व सिद्ध करणारा एक प्रयोगच अनायासे घडून आला.

४.३ मौखिक कथा आणि छापील पान

अॅल्व्हिन श्वार्ट्झ यांनी लोककथा आणि लोकसमजुती यांचे संकलन करून मुलांसाठी 'स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क' हे पुस्तक सिद्ध केले. ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढचे दोन भाग १९८४ आणि १९९१ मध्ये आले. तिन्ही भागांची चित्रे स्टीफन गॅमेल यांची आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी श्वार्ट्झ यांनी कथांच्या मूळ आधारांविषयी टिपा दिल्या आहेत; लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने त्या अवश्य पाहाव्यात.

पुस्तकाच्या नावातच 'सांगण्यासाठी' असा निर्देश आहे. या कथा मुळात मौखिक परंपरेतल्या आहेत. त्यांची वाक्ये आखूड असून वर्णन जवळजवळ नाही. काही कथांच्या शेवटी तर निवेदकाला सूचनाच दिलेली असते, की येथे शेजारच्या श्रोत्याच्या अंगावर एकदम ओरडावे. मौखिक कथेत काळोख, शेकोटी, सांगणाऱ्याचा दबलेला आवाज आणि मध्येच घेतलेला विराम ही सारी सामग्री कथेच्या बाहेरून येते. अंथरुणात एकट्याने पुस्तक वाचणाऱ्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. निवेदकाची ही रिकामी झालेली जागा गॅमेल यांची चित्रे घेतात. श्वार्ट्झ यांच्या कोरड्या, जलद गद्याला चित्रे झाकून वाचले तर पुष्कळ कथा दीड-दोन पानांचे किस्से वाटतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा त्या गद्याचा दोष नव्हे. ते सांगण्यासाठीच बेतलेले आहे.

४.४ चित्र काय करते?

गॅमेल यांची ही चित्रे काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांची आहेत. त्यांतील आकृतींना निश्चित कडा नाहीत. केस, मुळे, कोळिष्टके आणि ओघळ यांचे धागे एकमेकांत मिसळतात. एखादी आकृती कमरेखाली धुक्यात विरून जाते आणि ती जमिनीवर उभी आहे की अधांतरी आहे, हे ठरवता येत नाही. न पाहिलेल्या भागाची भर वाचकाची कल्पनाशक्ती घालते. शब्दांच्या क्षेत्रात ज्याला आपण व्यंजना म्हणतो, तिच्याशी या रीतीचे जवळचे नाते आहे.

तिसऱ्या भागातील 'द ड्रीम' ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लूसी मॉर्गन या चित्रकार स्त्रीला स्वप्नात एक खोली दिसते. फिकट चेहऱ्याची, काळ्या डोळ्यांची आणि लांब काळ्या केसांची एक बाई तिला तेथून निघून जाण्यास सांगते. पुढे लूसी दुसऱ्या गावी राहायला जाते, तेव्हा तीच खोली आणि तीच बाई तिच्यासमोर प्रत्यक्ष येते. कथेत या बाईने कोणाचेही वाईट केलेले नाही. उलट, ती सावध करणारी आहे. परंतु गॅमेल यांनी तिचा चेहरा रुंद, पिठूळ, बारीक डोळ्यांचा काढला असून ओठांवर अस्फुट हसू ठेवले आहे. मजकूर तिला हितचिंतक म्हणतो, तर चित्र तिच्यावर विश्वास ठेवू देत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी वाचणाऱ्या मुलाला आपण कोणावर भरवसा ठेवावा हे कळेनासे होते, आणि त्या कथेतले खरे भय या दुविधेतून उत्पन्न होते. असे चित्र मजकुराचा अनुवाद करीत नाही, त्याच्याशी वाद घालते.

येथे भरतमुनींचे विवेचन उपयोगी पडते. भयानक रसाचा स्थायिभाव भय असून विकृत आवाज, पिशाचदर्शन, ओसाड घर, अरण्य हे त्याचे विभाव होत. नाट्यात भय आपल्यापर्यंत पोहोचते ते मुख्यतः भ्यालेल्या पात्राच्या अनुभावांमधून, म्हणजे कंप, घाम, वळलेली बोबडी यांतून. गॅमेल यांच्या अनेक चित्रांत मात्र भ्यालेला माणूसच नाही. केवळ विभाव पानावर आहे आणि तो थेट आपल्याकडे पाहतो आहे. भ्यालेल्या पात्राची जागा वाचकासाठी मोकळी सोडलेली आहे.

या चित्रांचे आकर्षण टिकून राहण्याचे आणखी एक कारण संभवते. कथेतील धक्का एकदाच बसतो. शेवट कळला की तो संपतो. चित्राला असा शेवट नसतो. शिवाय पुस्तक मिटणे हे मुलाच्या हातात असते. नको असलेले पान दोन बोटांनी चटकन उलटायचे आणि थोड्या वेळाने स्वतःहूनच पुन्हा उघडायचे, हा खेळ ज्याने केला नाही असा बालवाचक विरळा. चित्रपटगृहातील भय प्रेक्षकासाठी थांबत नाही. पुस्तकातील चित्र थांबते, आणि मूल आपले धैर्य त्यावर हळूहळू मोजून पाहू शकते.

४.५ धाक आणि भय

मुलांना चित्रांतून भिववणे हे आधुनिक युगाचे अपत्य नव्हे. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी आपल्या लहान मुलासाठी स्वतः चित्रे काढून जे पुस्तक रचले, ते १८४५ मध्ये छापले गेले आणि पुढे 'श्ट्रूव्हेलपेटर' या नावाने विख्यात झाले. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी मोठ्या कात्रीने छाटतो. आपल्याकडच्या बागुलबुवाचे हे चुलतभावंड म्हणता येईल. तेथे भयाला एक हिशेब आहे : सांगितले ते ऐकले नाही तर शिक्षा. श्वार्ट्झ-गॅमेल यांच्या पुस्तकात हा हिशेब बहुधा जुळत नाही. 'द रेड स्पॉट' या कथेतील मुलीच्या गालावर कोळी अंडी घालतो, तेव्हा तिचा अपराध काहीच नसतो. धाक मोठ्यांच्या सोयीसाठी असतो, आणि हे भय कोणाच्याही सोयीचे नाही. मोठी माणसे त्याने अस्वस्थ झाली, यात नवल नाही.

४.६ आक्षेप आणि बदललेली चित्रे

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने केलेल्या नोंदींनुसार १९९० ते १९९९ या दशकात ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक लेखी आक्षेप आले, त्यांच्या यादीत ही मालिका पहिल्या स्थानी होती. आक्षेप म्हणजे ग्रंथालयातून पुस्तक काढावे अथवा त्यावर निर्बंध घालावा, अशी मागणी. त्यात चित्रांचा उल्लेख वारंवार होत असे. आक्षेप घेणाऱ्या पालकांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाशेजारी जागणारी आई समीक्षकाच्या युक्तिवादाने समाधान पावणार नाही. तिच्या मुलासाठी हे पुस्तक आज नको, हा तिचा निर्णय मान्यच करावा लागतो. प्रश्न येतो तो तिचा निर्णय गावातल्या सर्व मुलांना लागू करण्याचा.

एक बाब येथे नोंदवली पाहिजे. ज्या हाताने ही चित्रे काढली, त्याच हाताने नातवंडांसमोर नाचणाऱ्या आनंदी आजोबांची रंगीत पेन्सिलीची चित्रे 'साँग अँड डान्स मॅन' या पुस्तकासाठी काढली आणि १९८९ मध्ये त्यांना कॅल्डकॉट पदक मिळाले.

पहिल्या भागाला तीस वर्षे होत आली, तेव्हा नव्या आवृत्तीत गॅमेल यांची चित्रे वगळून ब्रेट हेल्क्विस्ट यांची चित्रे घालण्यात आली. हेल्क्विस्ट हे कसबी चित्रकार आहेत. त्यांची रेषा स्वच्छ आणि आकृती पूर्ण आहे. नेमके हेच वाचकांना रुचले नाही. कथा शब्दशः त्याच असूनही, लहानपणी हे पुस्तक वाचलेल्या प्रौढांनी ते आपले पुस्तक मानले नाही. प्रारंभी ज्याला 'प्रयोग' म्हटले तो हा : संहिता कायम ठेवून केवळ चित्र बदलले, आणि बदलले ते पुस्तकच. १९८० च्या दशकातील जुन्या प्रतींचा शोध सुरू झाला. अखेर २०१७ मध्ये गॅमेल यांच्या चित्रांसह आवृत्ती पुन्हा निघाली. २०१९ मध्ये आंद्रे ओव्रेदाल यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने तर 'द ड्रीम'मधील ती फिकट बाई जवळजवळ पानावरून उचलूनच पडद्यावर आणली.

४.७ स्वाध्याय

१. 'चित्र मजकुराशी वाद घालते' हे विधान 'द ड्रीम'च्या आधारे स्पष्ट करा.
२. विभाव आणि अनुभाव या संज्ञा छापील चित्राला लागू करताना कोणत्या अडचणी येतात?
३. आपण बालग्रंथालयाचे ग्रंथपाल आहात आणि एका पालकाने भयकथेच्या पुस्तकावर आक्षेप घेतला आहे, अशी कल्पना करून त्या पालकाला सुमारे १५० शब्दांत उत्तर लिहा.
४. उपक्रम : घरातील वा परिसरातील एखाद्या मुलाला आधी चित्र न दाखवता एक भयकथा वाचून दाखवा आणि त्यातील पात्र काढायला सांगा. नंतर पुस्तकातील चित्र दाखवा. दोहोंतील कोणते चित्र अधिक भीतिदायक वाटते, हे त्याच मुलाला विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.